बीटीच्या शेजारी गावरान: बियाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

बीटी कापसाची सरकी राखून पुढच्या हंगामात पेरली तर चालेल का? पाकिटाचा खर्च तरी वाचेल. (यवतमाळ)

पेरू नका. बीटी म्हणजे अळीला मारणारं जिवाणूतलं जनुक घातलेलं पीक, आणि पाकिटातलं त्याचं बियाणं संकरित असतं, म्हणजे दोन वाणांच्या मिलनातून केलेलं. त्याची पहिली पिढी एकसारखी येते, दुसरी विखुरते: एक झाड उंच, दुसरं खुजं, काहींत बीटी जनुक येतं, काहींत येतच नाही. असं मिश्र रान बोंडअळीला बीटी पचवायला शिकवतं. गुलाबी बोंडअळी ते शिकली आहेच. 2017 चा हंगाम विदर्भाने भोगला आहे.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्हाला दरवर्षी दुकानात जावं लागतं ते जनुकामुळे नाही, संकरामुळे. हेच जनुक सरळ वाणात, म्हणजे संकर नसलेल्या आणि पिढ्यानपिढ्या तसंच येणाऱ्या वाणात असतं, तर सरकी घरची राखता आली असती. 2002 साली परवानगी मिळाल्यावर आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांतूनच. शेतकऱ्याच्या हातून बियाणं सुटण्यात याचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा एकरभर देशी कापूस आहे, चहूबाजूंनी बीटी. परागकण येऊन माझं वाण बिघडेल? (परभणी)

ही धास्ती सोडा. आपल्या गावरान कापसात 26 गुणसूत्रं असतात, अमेरिकन कापसात 52. आणि बीटी जवळजवळ सगळं अमेरिकन जातीतलं आहे. शेतात या दोघांचा संकर आपसूक टिकत नाही. खरी भेसळ होते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, जिथे दहा जणांची सरकी एकत्र पडते. बियाण्यापुरता कापूस चांगल्या झाडांवरून वेगळा वेचा आणि त्याची सरकी हातानेच काढा. शेजारी दुसरं देशी वाण असेल, तर मात्र त्यापासून अंतर राखा.

सरकारी बीजपेढीत लाखो नमुने सुरक्षित असताना शेतकऱ्याने जुनी वाणं का सांभाळायची? (पुणे)

दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोत चार लाखांहून अधिक नमुने आहेत, उणे 18 अंशांत. ते हवेतच. पण तिथलं बी ठेवलं त्या दिवशी जसं होतं, तसंच राहतं. रानातलं बी दरवर्षी नवा पाऊस, नवी कीड झेलत बदलत जातं. शिवाय कुठल्या जमिनीत काय लावायचं, कशाची भाकरी गोड लागते, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावोगावची बियाणी जमवली, ती जमवून लावलीही आणि वाटलीही. वाटल्यामुळे एका घरचं बी बुडालं तरी दुसऱ्याकडे ते सापडतं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे; फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

बाजारातली वांगी बीटी असतात का? आणि भरिताच्या वांग्याचं बी घरी कसं धरायचं? (जळगाव)

बीटी वांग्याला आपल्याकडे लागवडीची परवानगी नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये ते स्थगित झालं. बांगलादेशात मात्र शेतकरी ते लावतात. कापसासारखी निश्चिंती इथे नाही, कारण वांग्याची वाणं एकमेकांत सहज मिसळतात. म्हणून फूल उमलण्याआधी कळीला मलमलची पिशवी बांधा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे कोणी ते तोडणार नाही. फळ पिवळं पडेपर्यंत झाडावरच राहू द्या. बी धुऊन सावलीत वाळवा, आणि एकाच झाडाचं न घेता आठ-दहा निरोगी झाडांचं घ्या.