वाचकांचे प्रश्न : ‘तेरावा डबा’ कुणाचा?

प्रश्न : आम्ही दोन मित्र लोकलचा खडखडाट, कुकरच्या शिट्ट्या, कटिंगच्या ग्लासांची किणकिण मोबाइलवर टिपून इलेक्ट्रॉनिक गाणी बनवतो. ‘तेरावा डबा’ या नावाने ती प्रसिद्ध करायची आहेत, पण खरी नावं कळू द्यायची नाहीत. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) फिरताना दरवेळी ‘टक्’ वाजतं, ते कसं घालवावं? आणि टोपणनावाने हक्क राहतात का?
– दोन मित्र, गिरगाव

उत्तर : नाव फक्कड आहे, जपाच!

लूपचं शेवटचं आणि पहिलं टोक एका पातळीवर जुळत नाही, म्हणून ‘टक्’ वाजतं. लहर शून्यरेषा ओलांडते तिथेच काप द्या आणि दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) लावा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे चार-चार ठोक्यांचे चार बार बरोबर ८ सेकंदांत बसतात. लोकल मात्र वेग बदलत धावते. तिचा अख्खा तुकडा ताणून बसवलात तर आवाज पाणचट होतो; एकेक खडखड सुटी कापून ग्रिडवर (ठोक्यांच्या आखीव रेघांवर) ठेवा. कुकरची शिट्टी १२ सेमिटोन, म्हणजे एक सप्तक, खाली उतरवून बघा, झकास भोंगा मिळतो.

नाव बहुधा कागदपत्रांतून फुटतं. गाणी अपलोड करताना कलाकाराच्या रकान्यात टोपणनाव चालतं, पण संगीतकाराच्या रकान्यात बरेच वितरक (गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपन्या) खरं नाव मागतात आणि ते श्रेयनामावलीत झळकू शकतं. वितरक निवडण्याआधी हे विचारून घ्या. कार्यक्रमात कॅसेट किंवा टी-शर्ट विकायला स्वतःचा यूपीआय क्यूआर लावलात, तर पैसे देणाऱ्याला खातेदाराचं नाव दिसतं. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगला कधी कधी ठिकाणाचं नाव आपोआप लागतं. टिपलेले आवाज कुणाला देण्याआधी फाइलचं नाव बदला. गाण्यात स्वतःचा आवाज असेल तर नुसती पट्टी बदलून भागत नाही, ती कुणीही उलटी फिरवू शकतं. व्होकोडर (आवाज यंत्रासारखा करणारं साधन) वापरा.

हक्क राहतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या संगीतरचनेला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. त्या मुदतीत खरं नाव जाहीर झालं, तर हे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. रचनेच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे मात्र खऱ्या नावानेच सदस्य व्हावं लागतं. आणि दोघांच्या हिश्श्याचा करार आजच खऱ्या नावांनी लेखी करा, मूळ प्रोजेक्ट फाइली जपा. उद्या तिसराच कुणी ‘तेरावा डबा मीच’ म्हणत उभा राहिला, तर दाखवायला तेवढंच हाती असेल.