कॉन्फरन्स बदलली तर मुलीच्या शिष्यवृत्तीचं काय?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या, एका विद्यापीठात टेनिसच्या शिष्यवृत्तीवर दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठ ही कॉन्फरन्स सोडणार अशी कुजबुज आहे. प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षक म्हणाले होते, "चारही वर्षं तू एसीसीतच खेळशील." शिष्यवृत्ती जाईल का? विद्यापीठावर दावा लावता येईल? की आत्ताच दुसरीकडे बदली घ्यावी? - एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आज मुलीकडून शिष्यवृत्तीच्या कराराची प्रत मागवा आणि सह्या कोणाच्या आहेत ते पाहा. एक तिची, दुसरी विद्यापीठाची. कॉन्फरन्सची सही त्यावर नसते. त्यामुळे विद्यापीठ उद्या कुठेही गेलं तरी तो कागद शाबूत राहतो. प्रश्न त्यातल्या मुदतीचा आहे. करार एका वर्षाचा की पदवीपर्यंतचा? मुदत चालू असताना खेळ घसरला किंवा दुखापत झाली म्हणून पैसे कापता येत नाहीत, असा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेचा, नियम आहे. नूतनीकरण होणार की नाही हे 1 जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं, आणि नकार आला तर सुनावणी मागता येते. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रशिक्षकांच्या शब्दावर दावा उभा राहील असं मला वाटत नाही. त्यांनी मनापासून सांगितलंही असेल, पण कॉन्फरन्स ठरवणं त्यांच्या हातात नसतं आणि तोंडी बोलणं सही केलेल्या कागदापुढे टिकवणं फार अवघड जातं. वकिलाच्या फीवर घरचे पैसे घालवू नका.

आता कुजबुजीबद्दल. एसीसी सदस्यांनी सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क 2036 पर्यंत कॉन्फरन्सला लिहून दिले आहेत. डिसेंबर 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ त्याविरुद्ध कोर्टात गेलं. बाहेर पडायला 57.2 कोटी डॉलर लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मागोमाग क्लेम्सन विद्यापीठही गेलं. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली: बाहेर पडण्याची रक्कम दरवर्षी उतरत जाऊन 2030-31 ला 7.5 कोटी डॉलरवर येईल. जे दरवर्षी स्वस्त होतंय ते घाईने कोण घेईल? शिवाय निर्णय झाला तरी अंमल लगेच होतोच असं नाही. मेरीलँड विद्यापीठाने एसीसी सोडायचं 2012 ला जाहीर केलं, गेलं 2014 ला. लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनाही त्यांची कॉन्फरन्स बदलायला 2022 ते 2024 असा वेळ लागला. तुमची मुलगी बहुधा त्याआधीच पदवी घेऊन बाहेर पडेल.

मला खरी काळजी व्हिसाची वाटते, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. लांबच्या कॉन्फरन्समध्ये प्रवास वाढतो, वर्ग बुडतात, मग कोणीतरी सुचवतं, "दोन विषय ऑनलाइन घे." अमेरिकन मैत्रिणीला ते चालेल. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीला नाही! पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात साधारण 12 क्रेडिट पूर्ण करावे लागतात आणि त्यात ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे तीन क्रेडिट, धरला जातो. दुसरा ऑनलाइन विषय घेतला आणि त्यामुळे बेरीज बाराच्या खाली आली, तर खेळ राहील बाजूला, तिचा विद्यार्थी दर्जाच धोक्यात येईल. विषय निवडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ईमेलवर होकार घ्यायचा, तोंडी नाही. खेळाडूंच्या मोबदल्याच्या एका वेगळ्या खटल्यात 2025 मध्ये झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. तसा कागद पुढे आला तर इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय तिने सही करू नये.

बदलीची घाई नको. 2024 पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदली घेता येते, तेव्हा ती वाट बंद होत नाही. पण बदलीचा अर्ज लेखी दिला की चालू शिष्यवृत्ती सत्राअखेर थांबवायला विद्यापीठाला वाव मिळू शकतो. नव्या ठिकाणाहून रकमेसकट लेखी प्रस्ताव हातात येईपर्यंत तिचं नाव बदली मागणाऱ्यांच्या यादीत जाऊ देऊ नका.

करार आला की नूतनीकरणाचं कलम मला पाठवा. इंग्रजी किचकट असतं, आपण एकत्र वाचू.