मित्रमंडळींत कॉग्निटिव्ह बायसवर (विचार करताना नकळत होणाऱ्या ठरावीक चुकांवर) गप्पांचा गट सुरू करायचाय, सुरुवात कशी करू?

तुम्ही विचारलंय की जमणाऱ्यांपैकी कुणीच मानसशास्त्र शिकलेलं नाही, मग चर्चा रंगणार कशी? मी असा गट चालवतो, आणि माझ्या मते हे तुमच्या पथ्यावरच पडेल. नाव आणि व्याख्या आधीच ठाऊक असली की माणूस सावध होतो. म्हणून आधी अनुभव द्या, नाव नंतर सांगा. एका बैठकीला एकच बायस पुरे.

पहिल्या दिवसासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० मधला प्रयोग घ्या. २, ४, ६ हे आकडे सांगा. यामागे एक नियम आहे, तो ओळखायचा. प्रत्येकाने आपले तीन आकडे सुचवायचे आणि तुम्ही फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ एवढंच म्हणायचं. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. ८, १०, १२ येईल. बसतं. २०, २२, २४. बसतं. दोनच्या फरकाने वाढणारे आकडे, असं कुणीतरी ठामपणे सांगेल, आणि ते चूक असेल. नियम इतकाच की आकडे चढते हवेत. ६, ४, २ किंवा १, २, ९ विचारून पाहावं हे फार थोड्यांना सुचतं, कारण आपल्याला ‘हो’ ऐकायचं असतं. इथे थांबा, घाई करू नका. रोजच्या आयुष्यात आपण फक्त ‘हो’ मिळेल असेच प्रश्न कुठे विचारतो, हे लोक आपणहून बोलायला लागतात. मग सांगा, याला कन्फर्मेशन बायस म्हणतात.

अँकरिंगसाठी, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो त्या बायससाठी, अर्ध्या लोकांना १×२×३ असा ८ पर्यंतचा गुणाकार चिठ्ठीवर द्या, उरलेल्यांना तोच ८×७×६ असा उलटा. पाच सेकंदांत अंदाज लिहायचा. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ च्या लेखात दिलेले मध्यक (ओळीने लावल्यावर बरोबर मधे येणारे अंदाज) होते चढत्या गुणाकाराला ५१२ आणि उलट्याला २,२५०. खरं उत्तर ४०,३२०! सात-आठ जणांत फरक दिसेलच असं नाही. नाही दिसला तर तसं सरळ सांगा. इतक्या कमी लोकांवरून काय ठरवता येतं, हाही चर्चेचा चांगला विषय आहे.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घाला आणि मोडू देऊ नका: बायसचं उदाहरण द्यायचं ते स्वतःचं. ‘हा तुझा बायस आहे’ असं कुणी म्हटलं की समोरचा गप्प होतो किंवा भांडतो. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की बायस आपल्याला स्वतःपेक्षा इतरांत जास्त दिसतात. शिवाय बोलणाऱ्याचा बायस दाखवला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. राजकारणाचा विषय निघाला की हे हमखास विसरलं जातं, म्हणून सुरुवातीच्या बैठकांत तो टाळलेला बरा.

उठण्याआधी प्रत्येकाकडून येत्या महिन्यातल्या एखाद्या घटनेचा अंदाज टक्क्यांत लिहून घ्या आणि चिठ्ठ्या पाकिटात बंद करा. महिन्याने पाकीट उघडण्याआधी विचारा, तुम्ही किती टक्के लिहिले होते? मगच चिठ्ठ्या वाचा. ‘मला वाटलंच होतं’ म्हणणाऱ्यांचे आकडे जुळतात का, ते त्यांचं त्यांना दिसेल.