दुसरा गेम आहेच कुठे?

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. दर ऑगस्टला 'मॅडन' हा अमेरिकन फुटबॉलचा नवा गेम हवा म्हणून मागे लागतो. किंमत सत्तर डॉलर. मागच्या वर्षीचा आणि यंदाचा पाठोपाठ लावून पाहिला, मला तरी फारसा फरक कळला नाही. वैतागून म्हटलं, दुसऱ्या कंपनीचा घे. तर म्हणतो, "बाबा, दुसरा नाहीच." इथल्या दुकानात दुधाचेही पंधरा प्रकार मिळतात. मग एवढ्या मोठ्या देशात फुटबॉलचा गेम एकच कसा?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मुलगा खरं बोलतोय. पण दुसरा होता, आणि तो मी भरपूर खेळलोय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

२००४ साली मी ओहायोतल्या कोलंबसला शिकत होतो. एका घरात आम्ही चौघं : मी, एक नांदेडचा आणि दोघं हैदराबादचे. कोलंबस म्हणजे फुटबॉलनं झपाटलेलं गाव. विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतं, आणि सामन्याच्या शनिवारी रस्त्यावर जिकडेतिकडे लाल शर्ट. आम्हाला मात्र त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या उन्हाळ्यात 'ईएसपीएन एनएफएल टू-के-फाइव्ह' नावाचा गेम आला. तेव्हा नवा गेम पन्नास डॉलरच्या आसपास असायचा; याच्या वेष्टनावर किंमत होती १९.९९. चौघांनी पाच-पाच डॉलर काढले, सेल्स टॅक्सची चिल्लर मी घातली.

अमेरिकन फुटबॉल मी त्या गेमवर शिकलो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चौथ्या खेपेला चेंडू लांब लाथाडून द्यायचा. नांदेडचा मित्र कधीच लाथाडायचा नाही. चौथ्या प्रयत्नालाही "जाऊदे पुढं" म्हणून घुसायचा आणि बहुतेकदा आपटायचा. मध्यंतराला ईएसपीएनचा ख्रिस बर्मन पडद्यावर यायचा आणि आम्हीच आत्ता खेळलेल्या सामन्यातले तुकडे दाखवून त्यावर बोलायचा. रात्री दोन वाजता आपला पराक्रम असा टीव्हीवरच्या बातमीसारखा बघताना काय वाटायचं, ते मला अजून आठवतं.

हा गेम बनवला होता व्हिज्युअल कन्सेप्ट्सनं आणि विकत होती सेगा. समोर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईएचा 'मॅडन' होता, १९८८पासूनचा जुना, दांडगा. वीस डॉलरच्या गेमनं त्याला घाम फोडला. नोव्हेंबर २००४मध्ये मॅडनची किंमत ५० वरून ३० डॉलरवर आली. दोन्ही गेम चांगले, दोन्ही स्वस्त. गिऱ्हाइकाला आणखी काय हवं?

हे सुख जेमतेम महिनाभर टिकलं. १३ डिसेंबर २००४ला ईएनं जाहीर केलं की एनएफएल ही लीग आणि तिच्या खेळाडूंची संघटना, दोघांशीही एकट्यानं वापरायच्या हक्कांचा करार झाला आहे. ३२ संघांची नावं, बोधचिन्हं, गणवेश, स्टेडियम, खेळाडूंची नावं आणि चेहरे, सगळं एकाच कंपनीकडे गेलं. आपल्याकडे जत्रेत नारळ-प्रसादाचा ठेका एकालाच द्यावा तसं. दुसऱ्या महिन्यात ईएसपीएनचं नाव वापरायचा पंधरा वर्षांचा करारही ईएनं केला. त्याच जानेवारीत सेगानं व्हिज्युअल कन्सेप्ट्स २.४ कोटी डॉलरला टेक-टू कंपनीला विकून टाकली. पुढच्या वर्षीचा मॅडन पुन्हा पन्नास डॉलरचा.

लीगनं असं का केलं असावं? मला जे दिसतं ते सांगतो. लीगला वर्षानुवर्षांच्या खात्रीच्या पैशाची हमी मिळते, आणि आपलं नाव वीस डॉलरच्या खोक्यावर झळकलेलं तिला नको असतं. तिच्या जागी बसून पाहिलं तर हिशेब चोख आहे. पण त्या हिशेबात तुमच्या मुलाची बाजू मांडायला कोणी बसलेलं नव्हतं, आणि याचाच मला वीस वर्षं राग आहे.

टेक-टूनं २००७मध्ये एक धडपड केली. 'ऑल-प्रो फुटबॉल टू-के-एट' काढला. निवृत्त खेळाडूंशी वेगळे करार केले, संघ काल्पनिक घेतले. खेळायला छान होता, पण चालला नाही. पोराला आपल्या गावचा संघ हवा असतो, काल कुणीतरी बनवलेला नको. टेक-टूला मी धुतल्या तांदळाची म्हणत नाही. फुटबॉल हातचा गेल्यावर तिनं बेसबॉलमध्ये हेच केलं. मेजर लीगशी असा करार केला की कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतः काढलेले गेम सोडले तर दुसऱ्या कुणाला परवाना नाही. त्यात ईएचा 'एमव्हीपी बेसबॉल' गेला, आणि तो बेसबॉलच्या उत्तम गेमांपैकी एक होता.

कोर्टात कोणी गेलं नाही का, असं तुम्ही विचाराल. गेले. २००८मध्ये कॅलिफोर्नियात गिऱ्हाइकांनी सामूहिक दावा लावला की स्पर्धा मारून किंमत वाढवली. २०१२मध्ये ईएनं चूक कबूल न करता २.७ कोटी डॉलरवर तडजोड केली. कॉलेज फुटबॉलचा एकट्याचा परवाना काही वर्षं घेणार नाही, असंही मान्य केलं. एनएफएलच्या कराराला मात्र त्या तडजोडीनं हात लावला नाही. २०१०मध्ये टोप्यांच्या परवान्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला गेला होता. तिथं एनएफएलनं म्हटलं, आम्ही ३२ संघ मिळून एकच. नऊही न्यायमूर्तींनी ते नाकारलं : परवाने विकताना हे संघ वेगवेगळेच धंदे आहेत, स्पर्धेचा कायदा त्यांनाही लागू. हा निकाल वाचून मला फार आशा वाटली होती. पण करार पुढे वाढतच गेला. २०२०मध्ये लीगनं टेक-टूच्या 'टू-के' या ब्रँडला पुन्हा दारात घेतलं, तेही एका अटीवर : हुबेहूब खऱ्यासारखा गेम काढायचा नाही, हलकाफुलका चालेल.

तुम्हाला फरक कळत नाही, याचं कारण इथंच आहे. गेममध्ये 'फ्रँचायझी' म्हणून एक भाग असतो. संघ चालवायचा, खेळाडू घ्यायचे-सोडायचे, वर्षामागून वर्षं. माझ्या मते खरा आनंद त्यात आहे. तो भाग इतकी वर्षं पडून राहिला की २०२०मध्ये चाहत्यांनी समाजमाध्यमांवर 'मॅडनची फ्रँचायझी दुरुस्त करा' अशी मोहीम चालवली. कंपनीची मेहनत दिसते ती 'अल्टिमेट टीम'मध्ये. तिथं खरे पैसे भरून पत्त्यांची पाकिटं फोडायची, आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. आणि एका वर्षी जमवलेले पत्ते पुढच्या वर्षीच्या गेममध्ये चालत नाहीत. मुलाला हे विचारा, तो सांगेल.

तुमच्यासाठी एवढंच : ऑगस्टमध्ये घेऊ नका. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये किंमत बरीच उतरते. एक वर्ष आड घेतला तरी काही बिघडत नाही, खेळाडूंची अदलाबदल त्याला स्वतःला गेममध्ये करता येते. आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये त्याच्या खात्याला खर्चाची मर्यादा आजच घाला. सत्तर डॉलर तुम्हाला दिसतात तरी, पाकिटांचे पाच-पाच डॉलर कार्डाचं बिल आल्यावरच कळतात.

प्रश्न : दादा, तालमीजवळच्या गेम पार्लरात मी पीईएसवर, म्हणजे कोनामी कंपनीच्या 'प्रो इव्होल्युशन सॉकर'वर वाढलो. परवाना नव्हता म्हणून लिव्हरपूलला त्यात 'मर्सीसाइड रेड' म्हणायचे, चेल्सीला 'लंडन एफसी'. पोरं खऱ्या नावांसाठी ईएच्या 'फिफा' गेमकडं गेली, पण खेळ पीईएसचाच भारी होता, हे मी आजही भांडून सांगतो. आता ईएकडून फिफा हे नावच गेलंय. मग दुसऱ्या कुणाला दार उघडंल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भांड, मी तुझ्या बाजूनं आहे. २००६च्या आसपासचं पीईएस हातात घेतलं की चेंडूला वजन आहे असं वाटायचं.

पण दाराचं म्हणशील तर नाही उघडलं. मे २०२२मध्ये फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना आणि ईए वेगळे झाले आणि सप्टेंबर २०२३मध्ये तोच गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावानं आला. पाटी बदलली, दुकान तेच. फिफाकडून ईएला मिळत होतं ते मुख्यतः नाव आणि वर्ल्डकप. प्रीमियर लीगचे संघ, स्टेडियम, खेळाडूंचे चेहरे हे लीगकडून, क्लबांकडून, खेळाडूंच्या संघटनेकडून वेगवेगळे घ्यावे लागतात. असे तीनशेच्या वर परवाने आपल्याकडे आहेत आणि एकोणीस हजारांवर खेळाडू आहेत, असं ईएनं तेव्हा स्वतः सांगितलं. नवीन कंपनीनं सुरुवात करायची तर पहिला गेम बनवण्याआधी तिला किती उंबरठे झिजवावे लागतील, बघ.

तू कोल्हापूरचा, तुला हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना आहे आणि दोन्ही संघांची नावं झाकून ठेवलीत, पेठा कुठल्या ते सांगायचं नाही. खेळ तोच, पोरंही तीच, पण गॅलरी भरेल का?

अमेरिकेतून परत आल्यावर २००८मध्ये पुण्यात एका पार्लरात मी एक मुलगा पाहिला होता. मांडीवर दोनशे पानी वही. त्यात प्रत्येक संघाचं एक पान, डावीकडे गेममधलं खोटं नाव, उजवीकडे खरं. कुणी पार्लरमधलं मेमरी कार्ड पुसलं की हा पुन्हा बसून एकेक अक्षर कंट्रोलरनं भरायचा. टी-शर्टांचे रंगसुद्धा वहीत लिहिलेले. 'क्रिकेट ०७'मध्ये आपल्या पोरांनी खरी नावं, नवे गणवेश, पुढं आयपीएलसुद्धा पॅच करून घातलं, तीही अशीच माया. कंपन्यांच्या करारांनी जे काढून घेतलं, ते या पोरांनी फुकटात, रात्री जागून परत आणलं.

कोनामीनंही हेच हत्यार उपसलं होतं, हे मात्र विसरू नकोस. २०१९मध्ये तिनं इटलीच्या युव्हेंटस क्लबचे हक्क एकट्यानं घेतले आणि फिफा २०मध्ये त्या क्लबचा रोनाल्डो 'पिएमोन्ते काल्चो' नावाच्या संघातून खेळला. म्हणजे आधी तुझं पोर रडलं, मग शेजारच्याचं. आणि ३० सप्टेंबर २०२१ला पीईएसचं नाव टाकून 'ईफूटबॉल' फुकट आणला, तेव्हा खेळाडूंचे चेहरे इतके बिघडलेले होते की कोनामीला जाहीर माफी मागावी लागली. ते परवान्यामुळं झालं नाही. तो गेम तयारच झाला नव्हता.

प्रश्न : मी शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. एनबीए या अमेरिकन लीगचे हक्क कुणा एका कंपनीकडे नाहीत, असं वाचलं. तरी 'एनबीए टू-के' एकटाच का? मग दोष परवान्याचा कसा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुझा मुद्दा बरोबर आहे, आणि सगळा दोष परवान्यावर टाकणं मलाही पटत नाही. असा गेम दरवर्षी काढायला शेकडो माणसं लागतात. एकदा मागे पडलं की गाठणं अवघड.

बास्केटबॉलमध्ये ईए स्वतः पडली. २०१०मध्ये 'एनबीए एलिट ११' बाजारात यायच्या तोंडावर थांबवला आणि पुढे रद्दच केला. २०१३मध्ये परत आली, २०१८च्या 'एनबीए लाइव्ह १९'नंतर पुन्हा गप्प. समोर टू-के दरवर्षी सुधारत होता. आणि तो बनवतं कोण? व्हिज्युअल कन्सेप्ट्स. तेच लोक, ज्यांचा अमेरिकन फुटबॉलचा गेम २००४च्या डिसेंबरात बंद पडला. त्यांचा हात किती चांगला होता हे तू रोज बघतेस.

आता टू-केमध्येही खेळाडू सुधारायला खऱ्या पैशांची नाणी विकतात आणि मुलं त्यावर चिडलेली आहेत. पण उद्या कुणाला याहून चांगला बास्केटबॉल गेम सुचला, तर तो एनबीएकडे परवाना मागायला जाऊ शकतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याला सुचेल त्याला लीग आज नाहीच म्हणेल. मैदान रिकामं आहे की मैदानाला कुलूप आहे, एवढा फरक मी धरतो.

कोलंबसची ती वीस डॉलरची डिस्क अजून माझ्याकडे आहे. चाहते आजही दरवर्षी त्या गेममध्ये नव्या हंगामाचे खेळाडू भरतात. नांदेडचा मित्र आता टेक्सासात असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा आम्ही दोन सामने खेळलो, आणि चौथ्या प्रयत्नाला तो अजूनही चेंडू लाथाडत नाही.