प्रकाशाचा एका दिशेचा वेग मोजता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रकाशाचा एका दिशेचा वेग आजवर कुणीच मोजलेला नाही म्हणतात, ते खरं आहे का? आणि दोन घड्याळं शेजारी ठेवून जुळवली, मग त्यातलं एक लांब नेलं, तर अडतं कुठे?

खरं आहे. आणि यंत्रं कमी पडतात म्हणून नव्हे. उद्या कितीही अचूक घड्याळं आली तरी ही अडचण हटणार नाही. मी जळगावात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. वेग म्हणजे नेमकं काय, हे कळायला याच्याइतका चांगला प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

अंतर भागिले वेळ, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्यातली वेळ काढतो कशी? निघाल्याची वेळ इथल्या घड्याळात बघायची, पोचल्याची तिथल्या घड्याळात, आणि वजाबाकी करायची. दोन्ही घड्याळं जुळलेली आहेत हे आपण न बोलता धरून चालतो.

भुसावळहून नंदुरबारला जाणारी गाडी घ्या. दोन्ही स्टेशनांवर भारतीय प्रमाणवेळ असते, म्हणजे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. आपल्या डोक्यावरचा सूर्य ती पाळत नाही. एप्रिलच्या मध्यावर जळगावात मोकळ्या जागी काठी उभी करून बघा: सावली सगळ्यांत आखूड होते ती बाराला नाही, साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना. आता समजा, प्रत्येक स्टेशनाने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावलं. नंदुरबार भुसावळच्या पश्चिमेला साधारण दीड अंशावर, त्यामुळे तिथलं घड्याळ सहा मिनिटं मागे राहील. प्रमाणवेळेने तीन तास घेणारी गाडी जाताना २ तास ५४ मिनिटांत पोचलेली दिसेल आणि येताना तिला ३ तास ६ मिनिटं लागलेली दिसतील. गाडी तीच, रूळ तेच, ड्रायव्हरही तोच. पण नंदुरबारला पोचताक्षणी ती परत फिरली, तर भुसावळच्या एकाच घड्याळावर पूर्ण फेरी सहा तासांचीच भरेल, घड्याळं कशीही लावा.

म्हणजे फेरीचा वेग हा निसर्गाचा भाग आहे. एका दिशेच्या वेगात मात्र आपण घड्याळं कशी जुळवली, हेही मिसळलेलं असतं. हे प्रकाशापुरतं नाही, कुठल्याही वस्तूच्या वेगाला लागू आहे.

तुम्ही म्हणाल, फोन करून घड्याळं जुळवून घेऊ. गाडीसाठी चालेल. भुसावळ-नंदुरबार हे सरळ रेषेतलं अंतर प्रकाश सुमारे अर्ध्या मिलिसेकंदात कापतो, आणि गाडीच्या हिशेबात अर्ध्या मिलिसेकंदाला कोण विचारतो! पण प्रकाशाचाच वेग काढायचा असेल, तर तो अर्धा मिलिसेकंद हाच मुळात प्रश्न आहे. फोनवरचा निरोप फार तर प्रकाशाइतक्याच वेगाने जाणार. त्याच्याहून वेगवान निरोप्या नाही.

म्हणूनच पृथ्वीवरचे नावाजलेले प्रयोग फेरीचे आहेत. १८४९ साली फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसजवळ ७२० दात्यांचं चाक फिरवलं. दोन दात्यांमधल्या फटीतून प्रकाशाचा झोत सुटायचा, ८,६३३ मीटरवरच्या आरशावर आपटून परत यायचा. चाक हळू फिरत असताना तो त्याच फटीतून डोळ्यापर्यंत पोचे. वेग वाढवत सेकंदाला सुमारे साडेबारा फेऱ्यांवर नेला, तेव्हा झोत परत येईपर्यंत फटीच्या जागी पुढचा दाता आलेला असे आणि प्रकाश दिसेनासा होई. त्यावरून उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३,१३,००० किलोमीटर. घड्याळ एकच होतं, ते चाक. त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्न आला नाही, पण जाता-येताची वेगवेगळी वेळही हाती लागली नाही.

१९०५ साली आइन्स्टाइनने हा गुंता उघड्यावर मांडला आणि सरळ व्याख्याच केली: प्रकाशाला जायला जितका वेळ, तितकाच यायला, असं धरून घड्याळं जुळवायची. हे मोजून काढलेलं नाही, ठरवलेलं आहे. फेरीची वेळ कायम ठेवली, तर जाताना अनंत वेग आणि येताना नेहमीच्या निम्मा, असं धरूनही प्रयोगांची सगळी भाकितं तीच येतात. फक्त समीकरणं बेढब होतात. मला आइन्स्टाइनची निवड मनापासून पटते, कारण तिच्यात कुठल्याही दिशेला झुकतं माप नाही. पण निवड ती निवडच. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच प्रकाशावरून केलेली आहे, म्हणून सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा कुणी नव्याने मोजून बदलू शकत नाही.

आता घड्याळ उचलून नेण्याबद्दल. हलतं घड्याळ मंद चालतं. सावकाश नेलं तर फरक नगण्य राहतो, हे बरोबर, पण हा हिशेब दोन्ही दिशांना प्रकाशाचा वेग सारखा धरून केलेला असतो. वेग असमान धरलात, तर घड्याळ किती मागे-पुढे होईल हेही दिशेवर ठरतं, आणि कितीही सावकाश नेलं तरी तो फरक शून्यावर येत नाही. तो बरोबर इतका निघतो की शेवटी दोन्ही टोकांचे आकडे तसेच दिसतात. १६७६ साली रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं उशिरा दिसतात यावरून प्रकाशाला यायला वेळ लागतो असं जे अनुमान काढलं, ते वरवर एका दिशेचं वाटतं. तिथे पृथ्वीच आपलं घड्याळ घेऊन कक्षेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात होती, म्हणजे घड्याळ सावकाश नेण्याचाच मार्ग.

जीपीएसचे सिग्नलही उपग्रहाकडून आपल्याकडे एकाच दिशेने येतात, म्हणून काहीजण तो पुरावा मानतात. पण त्या उपग्रहांची घड्याळं जुळवतानाच दोन्ही दिशांचा वेग सारखा धरलेला असतो. जे आधी धरलं, तेच त्यातून परत मिळतं.