बसऱ्याचा पांढरा वाडगा चिनी का दिसतो?

प्रश्न : न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निळ्या अरबी अक्षरांचा एक पांढरा वाडगा पाहिला. पाटीवर नवव्या शतकातील इराक असे लिहिले होते, मला मात्र तो चिनी वाटला. त्याच प्रकारच्या काही भांड्यांवर सोनेरी चमक असते. त्यात खरे सोने असते का?

उत्तर : आपला अंदाज अगदीच चुकीचा नव्हे. अब्बासी खलिफांच्या काळात चीनमधील पांढरी भांडी समुद्रमार्गे इराकला पोहोचत होती आणि दरबारी मंडळींना ती फार आवडत असत. इराकमधील बसरा या बंदराच्या शहरातील कुंभारांना तसा पांढरेपणा हवा होता. पण पोर्सेलीनसाठी (चिनी मातीच्या पांढऱ्या, कणखर भांड्यांसाठी) लागणारी केओलीनयुक्त, म्हणजे भाजल्यावर पांढरी राहणारी माती त्यांच्याकडे नव्हती आणि सुमारे १,३०० अंशांपर्यंत तापणाऱ्या भट्ट्याही नव्हत्या. म्हणून त्यांनी स्थानिक पिवळसर मातीचेच भांडे घडवून त्यावर कथिलाचे ऑक्साइड मिसळलेली झिलई चढवली. कथिलाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे झिलई अपारदर्शक होऊन खालची माती झाकली जाते. काठाचा टवका उडाला असेल, तर आतला पिवळटपणा लगेच दिसतो. वर कोबाल्टने काढलेली निळी नक्षी पांढऱ्या झिलईत किंचित पसरते. आपण पाहिलेल्या अक्षरांच्या कडा पुसट दिसल्या असतील, त्या यामुळेच. याला निव्वळ नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण चिनी भांड्याचा आकार आणि रंग उचलला असला, तरी तो रंग साधण्याची युक्ती पूर्णपणे वेगळी होती.

सोनेरी चमकेत सोने नसते. झिलई देऊन एकदा भाजलेल्या भांड्यावर चांदी व तांब्याची संयुगे मातीत कालवून रंगवत आणि ते कमी उष्णतेच्या, धुराने कोंदलेल्या भट्टीत पुन्हा भाजत. ऑक्सिजन कमी पडल्याने धातूचे अतिसूक्ष्म कण झिलईच्या पृष्ठभागात सुटे होतात. नंतर वरची माती घासून काढली की चमक उमटते. भट्टीतील हवा थोडी बिघडली तरी सारी मेहनत वाया जाण्याची भीती असे. ही कला आधी इजिप्त व सीरियात काचेवर वापरली जात होती. मातीच्या भांड्यांवर ती इराकमध्ये आली. ८३६ ते ८९२ या काळात अब्बासी खलिफांची राजधानी असलेल्या इराकमधील समारा शहराच्या उत्खननात अशी भांडी सापडली आहेत, तर ट्युनिशियातील कैरवानच्या मोठ्या मशिदीत मिहराबाभोवती (मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतील कोनाड्याभोवती) याच तंत्राच्या फरशा आजही पाहता येतात.

अशा दालनात पुन्हा गेलात तर रंग मोजून पाहा. नवव्या शतकातील भांड्यांवर बहुधा अनेक छटांची नक्षी असते. दहाव्या शतकात एकच छटा उरते आणि माणसे व प्राणी दिसू लागतात.