नुसती क्षमता बघून अधिशोषक निवडू नकोस

नैसर्गिक वायूतला कार्बन डायऑक्साइड काढायला अधिशोषक, म्हणजे वायू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ, निवडताना माहितीपत्रकातला १३एक्स झिओलाइटचा (अशाच एका सच्छिद्र पदार्थाचा) क्षमतेचा आकडा बघून हुरळायला होतं, कबूल. पण तो आकडा बहुतेक वेळा शुद्ध, कोरड्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. तुझ्या वायूत मिथेन आहे, ओल आहे, वर जड हायड्रोकार्बनही असतील.

आधी पाण्याचं बघ. १३एक्स पाण्याला कार्बन डायऑक्साइडपेक्षा घट्ट धरतं. एकदा ओलं झालं की ते पुन्हा मोकळं करायला नुसता दाब उतरवून भागत नाही, साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. म्हणून वायू अगोदरच सुकव.

मग बेडमध्ये, म्हणजे अधिशोषकाच्या भरलेल्या थरात, किती मावतं यापेक्षा दर फेरीत (दाब चढवून धरायचं, उतरवून सोडायचं) किती सुटतं ते मोज. कमी दाबालाच आयसोथर्म (ठरावीक तापमानाला कोणत्या दाबावर किती वायू धरला जातो याचा आलेख) खडा चढत असेल तर बराचसा वायू आतच अडकून राहतो. तो काढायला निर्वात पंप आला, त्याचं वीजबिल आलं. सक्रिय कार्बन (खास प्रक्रिया केलेला सच्छिद्र कोळसा) कमी धरतो, पण सहज सोडतो. कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि दाबही चांगला असेल, तर मी आधी सक्रिय कार्बनचीच चाचणी घेईन.

बेडमध्ये खाली, मध्ये आणि वर थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) घालच. अधिशोषणात उष्णता निघते आणि तिची लाट पुढे सरकताना स्पष्ट दिसते. तापलेला थर कमी धरतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड तापमान स्थिर धरून केलेल्या हिशेबापेक्षा लवकर पलीकडे निघतो. दाब उतरवताना मिथेनही जातं, तेही मोज. शुद्धतेवर खूश झालेले लोक हे हमखास विसरतात.

पाइपलाइनच्या वायूत साधारण २ टक्के कार्बन डायऑक्साइड चालतो. एलएनजीसाठी (द्रवरूप नैसर्गिक वायूसाठी) मर्यादा ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) आसपास असते, तिथे सहसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं अमाइनचं द्रावणच वापरतात.